गुडघ्यांचं फुटेज: २०१९ च्या पावसाळ्याआधीची एक कॅमेरा-निवड

१५ मे २०१९ ला डीजेआय या ड्रोन बनवणाऱ्या कंपनीने ओस्मो ॲक्शन हा ॲक्शन कॅमेरा जाहीर केला, तेव्हा आमच्या ट्रेक ग्रुपची वर्गणी जमून पंधरा दिवस झाले होते आणि काय घ्यायचं तेही ठरलं होतं: गोप्रोचा हिरो ७ ब्लॅक. त्यावर चर्चा अशी झालीच नव्हती. फोटोकॉपीला आपण झेरॉक्स म्हणतो, तसं ॲक्शन कॅमेऱ्याला आम्ही गोप्रो म्हणत होतो. ग्रुपकडे दोन पावसाळे खाल्लेला एक हिरो ५ होता. हिरो ७ च्या हायपरस्मूथचे, म्हणजे त्याच्या चित्र स्थिर ठेवण्याच्या सोयीचे, व्हिडिओ पाहिल्यापासून मात्र त्याचं हलणारं चित्र कुणाला बघवत नव्हतं. ऑर्डर द्यायची तेवढी राहिली होती.

हिशेब ठेवणाऱ्या मित्राने ग्रुपवर दोन ओळी टाकल्या. "नव्याची किंमत ३४९ डॉलर. गोप्रोची ३९९. शिवाय याला पुढेही स्क्रीन आहे. थांबा जरा." तेव्हा डॉलर सत्तर रुपयांच्या आसपास होता, म्हणजे फरक साडेतीन हजारांचा. वर्गणीतून खरेदी करताना साडेतीन हजार ही गंभीर रक्कम असते. ग्रुपचे व्हिडिओ मी जोडतो, म्हणून तुलना करून सांगायचं काम माझ्या गळ्यात आलं. मुदत जूनच्या पहिल्या आठवड्याची होती, कारण नंतर अंधारबनचा ट्रेक.

नवखा म्हणावा, तर डीजेआय तसा नवखा नव्हता. गोप्रोने २०१६ च्या सप्टेंबरात कर्मा हा ड्रोन आणून डीजेआयच्या अंगणात पाऊल टाकलं होतं. काही कर्मा उडता उडता वीज तुटून पडू लागले, त्यामुळे दोन महिन्यांच्या आत ते परत मागवावे लागले आणि २०१८ च्या जानेवारीत कंपनीने ड्रोनचा धंदाच सोडत असल्याचं सांगितलं. आता शेनझेनचा हा ड्रोनवाला परतभेटीला आला होता. हवेत कॅमेरा स्थिर ठेवण्यात ज्यांची हयात गेली, त्यांना छातीवरचा कॅमेरा स्थिर ठेवणं जमेल, हा माझा पहिला अंदाज. तो बराचसा बरोबर निघाला, पण निर्णय त्यावर ठरला नाही.

कागदावरची कुस्ती

दोन्ही कॅमेऱ्यांचे आकडे शेजारी शेजारी लिहिले, तेव्हा जुळ्या भावंडांची जन्मपत्रिका पाहतोय असं वाटलं. सेन्सर दोन्हीकडे १/२.३ इंचाचा, बारा मेगापिक्सेलचा. भिंगाचं छिद्र दोन्हीकडे एफ २.८. दोन्ही फोर-के चित्र सेकंदाला साठ फ्रेमने घेतात, दोन्ही १०८० मध्ये २४० फ्रेमपर्यंत जातात. वजन हिरोचं ११६, ओस्मोचं १२४ ग्रॅम. पाण्याखाली हिरो १० मीटर, ओस्मो ११. हा जास्तीचा एक मीटर कुणासाठी काढला असेल, देव जाणे. तारकर्लीला बुडी मारणारा शहाणा माणूस दोन्ही कॅमेऱ्यांना ६० मीटरवालं कव्हरच घालेल.

फरक थोडे होते. ओस्मोला पुढच्या बाजूला १.४ इंचाची रंगीत स्क्रीन होती. हिरोला पुढे फक्त आकडे दाखवणारी लहानशी काळी-पांढरी पट्टी. हिरोमध्ये जीपीएस होता, थेट प्रक्षेपण होतं. ओस्मोत दोन्ही नव्हतं. बॅटरी हिरोची १२२०, ओस्मोची १३०० मिलिअँपिअर-तासांची. ओस्मो सेकंदाला १०० मेगाबिटपर्यंत लिहायचा, हिरो ७८ पर्यंत. म्हणजे ६४ जीबीच्या कार्डात एकाचं सुमारे पंच्याऐंशी मिनिटं, दुसऱ्याचं एकशेनऊ. आणि ओस्मोच्या जाहिरातीत एचडीआर व्हिडिओ ठळक होता: आभाळ पांढरं फटक न होता खालची झाडीही दिसावी, असा.

सोनीचा आरएक्स-झिरो-टू त्याच वसंतात आला होता. सेन्सर एक इंचाचा, पण किंमत ७०० डॉलर, म्हणून तो पहिल्याच फेरीत गळला. स्वस्तातले चिनी कॅमेरे दोघांनी सुचवले. त्यांचं स्थिरीकरण पाहून त्या दोघांनीच ते मागे घेतले.

मग मी सगळे करतात तसा तक्ता केला. अकरा निकष, प्रत्येकाला दहापैकी गुण. हिरो चार गुणांनी जिंकला. जीपीएस आणि थेट प्रक्षेपण यांनी त्याला वर नेलं होतं. तक्ता ग्रुपवर टाकला, आणि आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ काका, जे कॅमेऱ्याच्या वादात एरवी पडत नाहीत, त्यांनी विचारलं, "गेल्या वर्षी तू एवढं शूटिंग केलंस, त्यातलं आम्हाला किती दाखवलंस? बाकीचं कुठंय?"

बाकीचं माझ्या हार्ड डिस्कवर होतं, 'नको' नावाच्या फोल्डरमध्ये.

'नको' फोल्डर

दोन संध्याकाळी बसून तो फोल्डर पाहिला. २०१८ चा अख्खा पावसाळा त्यात पडून होता: राजमाची, नाणेघाट, अंधारबन, तोरण्याची ओली चढण. प्रत्येक क्लिप का टाकली, एवढंच वहीत लिहीत गेलो.

निम्म्याहून जास्त क्लिपांपुढे एकच शब्द आला: गुडघे. छातीच्या पट्ट्यावर कॅमेरा लावताना तो जरासा खाली झुकलेला राहतो. सपाटीवर कळत नाही. चढ लागला की माणूस पुढे वाकतो, कॅमेरा त्याच्यासोबत आणखी खाली वाकतो, आणि पुढचा तासभर आपले गुडघे, बूट आणि चिखल यांचं अखंड चित्रीकरण होतं. ज्याच्या छातीवर कॅमेरा आहे त्याला ते दिसत नाही. उलटही होतं. उतारावर मागे रेललेल्या माणसाने तितकंच निष्ठेने आभाळ टिपलेलं असतं.

दुसरा नंबर थेंबाचा. काचेच्या मधोमध एक थेंब, आणि त्याच्या पलीकडे कोकणाच्या बाजूचा सगळा नजारा विरघळलेला. तिसरी जंगलातली थरथर, तिच्याकडे पुढे येतोच. मग बॅटरी संपलेली, आणि सुरू केलाय असं वाटून बंदच राहिलेला कॅमेरा; थंड बोटं आणि ओली स्क्रीन यांचं जमत नाही. पोंचोच्या आतून काढलेलं वीस मिनिटांचं निळं प्लॅस्टिकही सापडलं.

रंग फिके म्हणून टाकलेली क्लिप एकही नव्हती. फोर-के नाही म्हणून टाकलेली नव्हती. वर किती उंची गाठली याचा आकडा नाही म्हणूनही नव्हती. थेट प्रक्षेपणाचं तर विचारूच नका. पिंपरी गावाच्या पुढे फोनला रेंज राहत नाही, प्रक्षेपण कुणाला करणार? माझ्या अकरा निकषांतल्या सहांनी आमची एकही क्लिप कधी वाचवली नसती.

तेव्हा तक्ता नव्याने केला, यावेळी पाच ओळींचा. प्रत्येक ओळीला एकच प्रश्न: हा कॅमेरा असता, तर ती क्लिप 'नको'मध्ये गेली असती का?

दोन दिवस, दोन कॅमेरे

लग्नांचं शूटिंग करणाऱ्या ओळखीच्या एकाकडून दोन्ही कॅमेरे दोन दिवसांच्या भाड्याने घेतले. दोन्ही एकाच पट्टीवर शेजारी बसवले, म्हणजे चाल एक, धक्का एक, उजेड एक. पहिल्या दिवशी सकाळी आतकरवाडीतून सिंहगड चढलो. मे महिन्याच्या लख्ख उन्हात दोघांचंही चित्र इतकं सुरेख आलं की कुठलं कुणाचं ते ओळखताना घरच्यांची फजिती झाली. गोप्रोचे रंग थोडे चढे, आकाश जास्त निळं. डीजेआयचे जरा संयमी. धावत उतरतानाही चित्र तरंगत चालल्यासारखं. इथे बरोबरी.

या चाचणीने मी फसलो असतो. बहुतेक तुलना अशाच उन्हात केलेल्या असतात: समुद्रकिनारे, वाळवंटं, बर्फाचे उतार. आमचा कॅमेरा मात्र वर्षातले चार महिने ढगाखाली आणि झाडाखाली चालतो. म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पावणेसातला, सूर्य टेकता टेकता, झाडीच्या वाटेने पुन्हा चढलो. यावेळी दोघांचंही चित्र थरथरलं. पाऊल आपटलं की दगडांच्या कडा क्षणभर दुहेरी होत, पुन्हा जुळत. हीच ती 'नको'मधली जंगलातली थरथर.

कारण समजून घेण्यासारखं आहे, कारण पैसे टाकून ते सुटत नाही. इलेक्ट्रॉनिक स्थिरीकरणात भिंग हलत नाही. सेन्सर गरजेपेक्षा थोडं मोठं चित्र टिपतो, जायरो हा हालचाल मोजणारा भाग कॅमेरा किती हलला ते सांगतो, आणि प्रोसेसर प्रत्येक फ्रेम उलट्या दिशेला सरकवून कडा कापून टाकतो. उन्हात प्रत्येक फ्रेमला सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकाही वेळ पुरतो, त्यामुळे फ्रेम आतून धारदार असते आणि सरकवली की काम झालं. अंधाऱ्या रानात तोच वेळ तिसाव्या भागावर येतो. तेवढ्या वेळात पाऊल पडून धक्का बसून गेलेला असतो आणि तो फ्रेमच्या आतच पुसट होऊन बसलेला असतो. फ्रेम कितीही नीट सरकवा, आतला पुसटपणा तिथेच राहतो. पार्श्वभूमी स्थिर आणि धूसरपणा मात्र येतोय-जातोय, म्हणून डोळ्याला ती थरथर जास्तच खुपते. सेकंदाला साठ फ्रेमवर ठेवलं तर एका फ्रेमचा वेळ साठाव्या भागाहून लांबूच शकत नाही. थरथर कमी होते, पण चित्रात दाणे वाढतात. दाणे चालतात, थरथर चालत नाही, असं मी ठरवून टाकलं. सेन्सर दोघांचा एकाच मापाचा असल्याने या ओळीत कुणालाच गुण नाहीत.

एचडीआरची गंमत त्याच संध्याकाळी कळली. ओस्मोवर एचडीआर चालू केला की रॉकस्टेडी, म्हणजे त्याचं स्थिरीकरण, बंद होतं. दोन्ही एकदम मिळत नाही. माहितीपत्रकात ही दोन्ही नावं एकाच पानावर एकमेकांशेजारी बसली होती. त्यांच्यातलं वैर तिथे मोठ्या अक्षरात कोण छापणार? हिरोमध्येही हायपरस्मूथ सगळ्या ठिकाणी नव्हतं, २४० फ्रेमच्या मंद गतीत ते मिळत नव्हतं. तेव्हापासून कुठल्याही नव्या कॅमेऱ्याच्या वैशिष्ट्यांची यादी वाचताना मी कोणतं कशासोबत चालत नाही, ते आधी शोधतो. छातीवर लावायच्या कॅमेऱ्यात स्थिरीकरणाशिवायचा एचडीआर म्हणजे तिपाई घेऊन ट्रेकला जाणं. एचडीआर बाद.

थेंबाची चाचणी घरच्या अंगणात बागेच्या नळीने केली. थेंब दोन्ही काचांवर सारख्याच आपुलकीने बसला. लाटांवर खेळणारे काच जिभेने चाटून ओली करतात म्हणे, म्हणजे पाण्याचा पातळ थर होतो आणि थेंब धरत नाही. ग्रुपमध्ये हे सांगितल्यावर 'कॅमेरा सामाईक आहे' याची आठवण मला करून देण्यात आली. ओस्मोची भिंगावरची गोल काच आटे फिरवून निघते, त्यामुळे ओरखडा आल्यास बदलणं सोपं. हिरो ७ चीही निघते. ओल्या स्क्रीनवर बोट दोन्हीकडे नीट चाललं नाही. पण ओस्मोच्या बाजूला मोड बदलायचं वेगळं बटण होतं, ते गार बोटांनाही सापडत होतं. बोलून हुकूम द्यायची सोय दोघांत होती. माझ्या इंग्रजीवर दोघांचाही सारखाच अविश्वास होता.

आणि गुडघे. पट्टा एका मैत्रिणीला बांधला, ओस्मो मुद्दाम थोडा खाली झुकवला, पुढची स्क्रीन चालू ठेवली, आणि चढायला लागलो. दहाव्या मिनिटाला तिच्यापुढे चालणारा मागे वळला, म्हणाला, "अगं, नुसते बूट दिसतायत तुझे. वर कर." बस्स. जाहिरात या स्क्रीनला स्वतःचा चेहरा पाहण्यासाठी विकत होती. आमच्या कामाची ती वेगळ्याच कारणाने होती: ज्याच्या अंगावर कॅमेरा आहे त्याला दिसत नाही ते समोरच्याला दिसतं, आणि आम्ही एकटे कधी चालतच नाही.

विरुद्ध बाजू

हिरोच्या बाजूने एक मुद्दा भक्कम होता, तो मी सुरुवातीला हलक्यात घेतला. हिरो ५, ६ आणि ७ ब्लॅकची बॅटरी एकच. आमच्याकडे जुन्या हिरो ५ च्या तीन बॅटऱ्या आणि चार्जर पडून होते. ओस्मो घेतला की ते सगळं फुकट. कॅमेरा जिथे अडकवतात ते चौकटीचे दोन काटे दोन्हीकडे सारखेच, त्यामुळे छातीचा पट्टा, काठी, हेल्मेटचा चिकटवायचा तुकडा हे जुनंच चाललं असतं. बॅटरी मात्र नाही. पन्नास डॉलरचा फायदा दोन जादा बॅटऱ्यांत जवळपास संपत होता. हिशेब ठेवणाऱ्या मित्राला हे सांगितलं तेव्हा तो पाच मिनिटं बोलला नाही.

दुसरा मुद्दा माझ्या लॅपटॉपचा. हिरो फोर-के साठ फ्रेममध्ये एचईव्हीसी पद्धतीने फाइल लिहितो. फाइल छोटी होते, पण माझ्या जुन्या लॅपटॉपवर ती अडखळत चालायची. ओस्मो जुन्या एच-२६४ मध्ये लिहीत होता. फाइल फुगलेली, पण चालणारी. कॅमेरा विकत घेताना लॅपटॉपचं वय कुणी विचारत नाही.

पाच ओळींचा हिशेब असा झाला: गुडघे ओस्मोकडे, थेंब बरोबरी, थरथर बरोबरी, बॅटरी हिरोकडे, चुकीचं बटण ओस्मोकडे थोडंसं. पहिल्या तक्त्यात चार गुणांनी हरलेला कॅमेरा इथे जिंकला, कारण पहिल्या ओळीचं वजन बाकी चारांहून जास्त होतं. ज्या ग्रुपमध्ये कॅमेरा सायकलच्या दांडीला किंवा हेल्मेटला लागतो, त्यांच्याकडे गुडघ्यांची ओळच नसेल, आणि आमच्याइतकंच प्रामाणिक उत्तर हिरो ७ हे येईल. जुन्या बॅटऱ्या असतील तर नक्कीच.

ओस्मो घेतला. दोन जादा बॅटऱ्यांसकट.

पावसाळ्यानंतर

दिवाळीच्या सुट्टीत २०१९ चा 'नको' फोल्डर उघडला. गुडघे जवळजवळ नाहीसे झाले होते. जे होते ते रांगेत सर्वांत पुढे चालणाऱ्याचे. त्याच्यापुढे सांगायला कुणी नसतं, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. थेंब तितकेच. थरथर साठ फ्रेममुळे कमी, पण अंधारबनच्या आत दाणेदार चित्र, अपेक्षेप्रमाणे. माझा चुकलेला अंदाज बॅटरीचा. पुढची स्क्रीन लोक सारखी चालू ठेवू लागले आणि ती वीज खाते, त्यामुळे तीन बॅटऱ्याही दुपारनंतर पुरेनात. घरी पडलेल्या तीन जुन्या बॅटऱ्यांची आठवण मला दर ट्रेकला करून दिली गेली. आणि शंभर मेगाबिटचं फोर-के? आम्ही बहुतेक सगळं २.७-के मध्येच काढलं. कार्ड भरायची भीती.

बाजारात पुढे जे घडलं ते पाहताना माझ्या पाच ओळी मला पुन्हा पुन्हा आठवल्या. ऑक्टोबर २०१९ चा हिरो ८ आला तो पुढच्या रंगीत स्क्रीनशिवाय. ती वेगळ्या जोडणीतून, वेगळे पैसे देऊन मिळणार होती. शिवाय त्याची भिंगावरची काच बदलता येईना. सप्टेंबर २०२० च्या हिरो ९ मध्ये पुढे रंगीत स्क्रीन आली, बदलती काचही परतली, आणि क्षितिज कॅमेऱ्यातच सरळ ठेवायची सोय झाली. डीजेआयने २०२१ मध्ये ॲक्शन २ हा चुंबकाने जोडायचा छोटा चौकोनी ठोकळा काढला आणि पुढच्याच वर्षी ॲक्शन ३ मध्ये जुन्या आकारावर गुपचूप परत आली. गोप्रोने २०२३ च्या हिरो १२ मधून जीपीएस काढला, वर्षभराने हिरो १३ मध्ये परत घातला. माझ्या पहिल्या तक्त्यात ज्या जीपीएसला मी भरभरून गुण दिले होते, तो काढता येतो आणि पुन्हा घालावा लागतो, दोन्ही खरं निघालं. कुणाच्या तरी 'नको' फोल्डरमध्ये तो महत्त्वाचा असणार, आमच्या नाही.

थरथरीच्या ओळीवर खरं उत्तर यायला चार वर्षं लागली. ऑगस्ट २०२३ चा ओस्मो ॲक्शन ४ हा १/१.३ इंचाच्या सेन्सरचा, म्हणजे आमच्या जुन्याच्या सुमारे अडीच पट क्षेत्रफळाचा. जास्त प्रकाश, म्हणजे रानात शटर थोडं लवकर मिटू शकतं. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात आलेल्या इन्स्टा३६०च्या एस प्रोचाही सेन्सर तेवढाच, आणि त्याची मागची मोठी स्क्रीन उचलून पुढे वळवता येते. छातीच्या पट्ट्यावर उलटवलेली ती स्क्रीन फांद्यांत किती टिकेल, याची मला धाकधूक आहे. पण तो ज्याचा त्याचा ट्रेक.

सप्टेंबर २०२४ मध्ये काही दिवसांच्या अंतराने हिरो १३ आणि ॲक्शन ५ प्रो आले, तेव्हा आमच्या ग्रुपमधल्या कॉलेजच्या मुलीने विचारलं, "दादा, कुठला घेऊ?" मी म्हटलं, तुझं टाकून दिलेलं फुटेज पाठव, मग सांगतो. ती म्हणाली, "टाकून दिलेलं कुठून पाठवू? आम्ही घाटातच डिलीट करतो, कार्ड भरतं ना."

तेव्हा एका पावसाळ्यापुरतं काहीही डिलीट करायचं नाही असं ठरलं. त्यासाठी तिला आधी दोन जादा कार्डं घ्यावी लागली.